सरासरी ९३.९ गुण, तरीही पराभवच अधिक: फिनिक्स मर्क्युरी आणि लास वेगास एसेस यांची आकडेवारी कशी वाचावी?

मिडकोर्ट (मूळ प्रश्न)

नमस्कार. आमच्या महाविद्यालयाच्या क्रीडा विशेषांकासाठी अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगवर, म्हणजे डब्ल्यूएनबीएवर, लेख लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. लेखात ‘सर्वाधिक गुण करणारा संघ’ अशी एक चौकट असावी, अशी संपादकांची इच्छा आहे. काम सोपे वाटले होते, कारण प्रति सामना सरासरी गुणांचा तक्ता उघडला की पहिले नाव उतरवून घ्यायचे इतकेच त्यात होते. ते पहिले नाव आहे २०१० सालच्या फिनिक्स मर्क्युरीचे. त्या हंगामात या संघाने सामन्यामागे ९३.९ गुण केले आणि लीगच्या इतिहासातील हा उच्चांक अद्याप कोणी मोडलेला नाही. मात्र त्याच रकान्याच्या शेजारी पाहिले तर ३४ सामन्यांत १५ विजय आणि १९ पराभव असा हिशेब दिसतो.

त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे २००९ मध्ये, याच मर्क्युरीची सरासरी ९२.८ होती, त्यांनी २३ सामने जिंकले, ११ गमावले आणि विजेतेपदही मिळवले. पुढे २०२३ मध्ये लास वेगास एसेसची सरासरीही नेमकी ९२.८ भरली, त्यांनी ४० पैकी ३४ सामने जिंकले, जो एका हंगामातील विजयांचा तोवरचा उच्चांक होता, आणि तेही विजेते ठरले. तिन्ही सरासऱ्यांत जेमतेम एका गुणाचे अंतर असताना एक संघ निम्म्याहून अधिक सामने हरतो आणि दुसरा केवळ ६ सामने हरतो, हे कोडे मला उलगडत नाही. चौकटीत कोणाचे नाव द्यावे आणि त्याच्यासोबत कोणते रकाने छापावेत, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. लेखाचे वाचक खेळाडू आहेत, त्यामुळे थोडे गणित आले तरी चालेल.

स्कोअरशीट

मिडकोर्ट, आपला प्रश्न योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. प्रति सामना गुण हा आकडा दोन गोष्टींच्या गुणाकारातून तयार होतो. संघाने चेंडूचा ताबा किती वेळा मिळवला ही पहिली गोष्ट आणि प्रत्येक ताब्यातून सरासरी किती गुण काढले ही दुसरी. एखादा संघ एका सामन्यात ८५ वेळा चेंडू घेऊन पुढे गेला आणि प्रत्येक ताब्याला १ गुण मिळवला, तर त्याचे ८५ गुण होतात. दुसरा संघ ७७ वेळाच गेला, पण दर ताब्याला १.१ गुण मिळवले, तर त्याचेही जवळपास तेवढेच, ८४.७ गुण होतात. सरासरीच्या तक्त्यात हे दोघे शेजारी बसतील, पण दुसऱ्या संघाचे आक्रमण पहिल्यापेक्षा दहा टक्क्यांनी सरस आहे, हे तो तक्ता सांगणार नाही.

यातली मेख अशी की, चेंडूचा ताबा दोन्ही संघांना आळीपाळीने मिळतो. एकाने बास्केट केले किंवा चेंडू गमावला की तो दुसऱ्याकडे जातो, आणि म्हणून सामन्याअखेर दोघांचे ताबे जवळजवळ सारखेच भरतात. ज्या संघाने धावत सुटून स्वतःचे ताबे वाढवले, त्याने प्रतिस्पर्ध्याचेही तितकेच वाढवून दिलेले असतात. वेगामुळे गुणफलकावरील दोन्ही आकडे फुगतात, त्यांतील अंतर मात्र आपोआप वाढत नाही. २०१० च्या मर्क्युरीचे हेच झाले. त्यांनी जितके गुण केले जवळपास तितकेच ते देत राहिले.

ही शैली त्या संघात योगायोगाने आलेली नव्हती. प्रशिक्षक पॉल वेस्टहेड यांनी १९८० मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सना पुरुषांच्या एनबीएचे विजेतेपद मिळवून दिले होते आणि नंतर लोयोला मेरीमाउंट विद्यापीठाच्या संघाला असे पळवले की १९९० च्या हंगामात त्या संघाची सरासरी १२२.४ गुणांवर गेली. चेंडू हातात पडताच काही सेकंदांत फेक करायची, प्रतिस्पर्ध्यालाही त्याच वेगात ओढायचे आणि अखेरच्या दहा मिनिटांत त्याची दमछाक झाली की सामना उचलायचा, असा तो खाक्या होता. हेच वेस्टहेड २००६ आणि २००७ असे दोन हंगाम मर्क्युरीचे प्रशिक्षक होते आणि २००७ मध्ये त्यांनी विजेतेपद मिळवले. एनबीए आणि डब्ल्यूएनबीए या दोन्ही लीगची विजेतेपदे मिळवणारे ते एकमेव प्रशिक्षक आहेत. त्यांच्यानंतर आलेले कोरी गेन्स हे लोयोला मेरीमाउंटमध्ये त्यांच्याच हाताखाली खेळलेले. त्यांनी गुरूचा वेग सोडला नाही. त्या वेगाने २००८ मध्ये १६ विजय आणि १८ पराभव दिले, तेव्हा संघ बाद फेरीतही गेला नाही. २००९ मध्ये विजेतेपद दिले. आणि २०१० मध्ये गुणांचा उच्चांक व १९ पराभव असे दोन्ही एकदम दिले. पद्धत तीच असताना तीन वर्षांत तीन तऱ्हेचे निकाल लागले, यावरून निकाल ठरवणारी गोष्ट वेगाव्यतिरिक्त दुसरी काहीतरी होती, हे उघड आहे.

नियमांचाही यात वाटा आहे. २००६ पूर्वी या लीगमध्ये २० मिनिटांचे दोन अर्ध आणि ३० सेकंदांचे शॉट क्लॉक असे. त्या वर्षापासून १० मिनिटांची चार सत्रे आणि २४ सेकंदांचे शॉट क्लॉक आले. फेकीसाठी मिळणारा वेळ सहा सेकंदांनी घटला की ताबे वाढणारच. त्यामुळे १९९८ च्या ह्यूस्टन कॉमेट्सने ३० पैकी २७ सामने जिंकलेले असूनही सरासरी गुणांच्या यादीत तो संघ वर दिसत नाही, यात त्यांचा काही कमीपणा नाही. विजयांच्या टक्केवारीत तर २७-३ हा हिशेब एसेसच्या ३४-६ पेक्षाही वरचढ आहे.

ताबे मोजण्याचे सूत्र सोपे आहे. संघाने घेतलेल्या एकूण फेका, त्यात फ्री थ्रोंची (फाउलनंतर मिळणाऱ्या, एकेका गुणाच्या विनाअडथळा फेकांची) ०.४४ पट आणि टर्नओव्हर (फेक न घेताच गमावलेले चेंडू) मिळवायचे, आणि आक्रमक रिबाउंड (आपलीच फेक हुकल्यावर पुन्हा मिळवलेले चेंडू) वजा करायचे. आक्रमक रिबाउंड मिळाला म्हणजे तोच ताबा पुढे चालू राहिला, म्हणून तो वजा होतो. फ्री थ्रोंना ०.४४ ने गुणतात, कारण दोन फ्री थ्रो मिळून साधारण एक ताबा संपतो, परंतु बास्केट होऊन वर मिळालेला एक फ्री थ्रो किंवा टेक्निकल फाउलचा फ्री थ्रो वेगळा ताबा खर्च करत नाही, आणि त्यामुळे गुणक अर्ध्याहून किंचित खाली येतो. एकूण गुणांना या ताब्यांनी भागून १०० ने गुणले की शंभर ताब्यांमागचे गुण मिळतात. मर्क्युरी आणि एसेस यांची तुलना करायची तर हाच आकडा हाताशी हवा.

एक गोष्ट जाता जाता सांगतो. आपल्याकडच्या जिल्हा आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत मी गुणलेखक म्हणून बसतो. तिथली अधिकृत गुणपत्रिका बास्केटला तिरकी रेघ, फ्री थ्रोला भरीव ठिपका आणि तीन गुणांच्या फेकीला खेळाडूच्या क्रमांकाभोवती वर्तुळ, एवढे अचूक नोंदवते. पण हुकलेल्या फेका, रिबाउंड आणि टर्नओव्हर यांना तिच्यात जागाच नाही. त्यामुळे आपल्या स्थानिक सामन्यांचे ताबे नंतर काढता येत नाहीत, त्यासाठी वेगळा माणूस वेगळा कागद घेऊन बसावा लागतो. आपल्या विशेषांकाच्या वाचकांना हे सांगितलेत तर निदान एखाद्या महाविद्यालयात तसा कागद सुरू होईल.

सोनोरन

स्कोअरशीट यांचे विवेचन पटण्यासारखे आहे. मी त्या काळात नोकरीनिमित्त फिनिक्सच्या परिसरात राहत होतो आणि मर्क्युरीचे घरचे सामने पाहत असे, म्हणून २०१० च्या संघाविषयी थोडी भर घालतो, कारण ‘वेगाने खेळले आणि हरले’ एवढ्यावर त्या संघाला निकालात काढणे मला अन्यायाचे वाटते.

२००९ आणि २०१० या दोन हंगामांच्या मधल्या काळात संघात एक मोठी उलथापालथ झाली. २००७ च्या अंतिम मालिकेत सर्वोत्तम खेळाडू ठरलेली कॅपी पाँडेक्स्टर तीन संघांच्या अदलाबदलीत न्यूयॉर्क लिबर्टीकडे गेली आणि तिच्या बदल्यात शिकागोहून कँडिस डुप्री आली. कागदावर हा सौदा मुळीच वाईट नव्हता. डुप्रीने त्या हंगामात घेतलेल्या दर तीन फेकांपैकी साधारण दोन बास्केटमध्ये गेल्या, इतकी तिची अचूकता होती. डायना टॉरासीने सामन्यामागे २२.६ गुण करून लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. ऑस्ट्रेलियाची पेनी टेलर सोबतीला होती, आणि बाकावरून उठून येणारी डिवाना बॉनर २००९ प्रमाणे २०१० मध्येही सर्वोत्तम राखीव खेळाडूच्या पुरस्काराची मानकरी ठरली. म्हणजे आक्रमण खरोखरच दर्जेदार होते. आकडा केवळ पळापळीने फुगलेला नव्हता. मात्र पाँडेक्स्टर गेल्याने स्वतः चेंडू घेऊन चाल रचणारी आणि अखेरच्या मिनिटांत सामना हाताळणारी दुसरी गार्ड उरली नाही, आणि बचावात समोरच्या गार्डला पहिल्या पावलातच अडवणारेही कोणी नव्हते. प्रतिस्पर्धी सरळ रिंगखाली येत. प्रेक्षक म्हणून बसलेल्याला मजा यायची हे कबूल केले पाहिजे. एका बाजूला बास्केट झाले की खाली बसायच्या आत दुसऱ्या बाजूला झालेले असे.

२४ जुलै २०१० रोजी मिनेसोटा लिंक्सविरुद्ध मर्क्युरीने दोन जादा सत्रांनंतर १२७-१२४ असा विजय मिळवला. एका संघाचे १२७ गुण आणि दोन्ही संघांचे मिळून २५१ गुण, हे दोन्ही उच्चांक त्या एका सामन्याचे आहेत. १२४ गुण करूनही हरलेल्या लिंक्सकडे पाहिले की या हंगामाचा स्वभाव चटकन कळतो.

आणखी एक बाब चौकटीत यायला हवी. १९ पराभव होऊनही हा संघ पश्चिम विभागात दुसरा आला, बाद फेरीत सॅन अँटोनियोला त्याने २-० असे हरवले आणि तो विभागीय अंतिम मालिकेत पोहोचला. तिथे सिॲटल स्टॉर्म समोर होते, ज्यांनी त्या हंगामात ३४ पैकी २८ सामने जिंकले होते. दुसऱ्या सामन्यात मर्क्युरीने मोठी आघाडी घेतली, ती हातची गेली, आणि अखेरच्या क्षणी स्यू बर्डने तीन गुणांची फेक करून ९१-८८ असा सामना व मालिका दोन्ही संपवले. ८८ गुण करून हरणे हे त्या वर्षीच्या मर्क्युरीला नवीन नव्हते.

थर्ड क्वार्टर

वरील दोघांनी मर्क्युरीची बाजू सविस्तर मांडली आहे, म्हणून मी एसेसकडे वळतो. माझ्या मते २०२३ चा हा संघ समजण्यासाठी आधी त्याचा इतिहास पाहावा लागतो. हीच फ्रँचायझी १९९७ मध्ये युटा स्टार्झ म्हणून सुरू झाली, २००३ मध्ये सॅन अँटोनियोला गेली आणि २०१८ मध्ये लास वेगासला आली. सॅन अँटोनियोतील अखेरच्या काळात संघ इतका हरत होता की ड्राफ्टमधील, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडप्रक्रियेतील, पहिली निवड सलग तीन वर्षे त्याच्याच वाट्याला आली: २०१७ मध्ये केल्सी प्लम, २०१८ मध्ये एजा विल्सन, २०१९ मध्ये जॅकी यंग. त्यांच्या जोडीला २०२१ मध्ये लॉस एंजेलिसहून चेल्सी ग्रे आली. २०२३ च्या आकडेवारीचा डोलारा या चौघींवर उभा आहे.

त्या हंगामात विल्सनची सरासरी २२.८, प्लमची १८.७, यंगची १७.६ आणि ग्रेची १५.३ गुण होती. यांची बेरीज ७४.४ होते, म्हणजे संघाच्या ९२.८ पैकी सुमारे ८० टक्के गुण चौघींनी केले. असे असंतुलन कागदावर पाहिले तर प्रतिस्पर्ध्याने चौघींना अडवले की काम झाले, असे वाटते. प्रत्यक्षात चौघींना एकाच वेळी अडवायला दुप्पट खेळाडू लागतात. विल्सन रिंगपासून दहा-पंधरा फुटांवर चेंडू घेऊन वळते, तेव्हा तिच्यावर दुसरी बचावपटू धाडावी, तर कोपऱ्यात यंग मोकळी राहते, आणि यंगची त्या वर्षीची तीन गुणांच्या फेकीची अचूकता ४४.९ टक्के होती. ग्रे सामन्यामागे ७.३ असिस्ट (सहकाऱ्याच्या बास्केटला कारण ठरणारे पास) देत होती आणि तिची स्वतःची तीन गुणांची अचूकताही ४० टक्क्यांहून अधिक होती.

येथे प्रशिक्षकबदलाची नोंद आवश्यक आहे. २०२१ पर्यंत बिल लॅम्बीर प्रशिक्षक होते आणि त्यांचा संघ तीन गुणांच्या फेका लीगमध्ये सर्वांत कमी घेणाऱ्या संघांपैकी एक असे. २०२२ मध्ये बेकी हॅमन आल्या. त्यांनी खेळाडूंचा मुख्य गट तोच ठेवला, परंतु त्यांना एकमेकींपासून दूर उभे केले, रिंगखालची गर्दी हटवली आणि मोकळी मिळालेली तीन गुणांची फेक घ्यायचीच, असा दंडक घातला. यंग २०२२ मध्ये सर्वाधिक प्रगती करणारी खेळाडू ठरली, ती या बदलातून. त्याच वर्षी संघाने पहिले विजेतेपद मिळवले. म्हणजे मर्क्युरीने ताबे वाढवून गुण वाढवले, तर एसेसने मुख्यतः प्रत्येक ताब्याचे मोल वाढवून. त्यातही एक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे: २०१० मध्ये तीन गुणांची रेषा ६.२५ मीटरवर होती, आणि २०१३ पासून ती कोपरे वगळता ६.७५ मीटरवर गेली. एसेसच्या खेळाडू अर्धा मीटर लांबून फेकत होत्या.

आता दुसरा रकाना. २०२३ मध्ये एसेसने आपल्या प्रतिस्पर्ध्यांपेक्षा सामन्यामागे सरासरी १२ हून अधिक गुण जास्त केले. विल्सन त्या वर्षीची सर्वोत्तम बचावपटूही होती, सामन्यामागे २.२ ब्लॉक करत होती (म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या फेका हवेतच अडवत होती), आणि राखीव खेळाडूंतून येणाऱ्या अलिशा क्लार्कला सर्वोत्तम राखीव खेळाडूचा पुरस्कार मिळाला तो केवळ गुणांसाठी नव्हे, तिच्या बचावाचाही त्यात मोठा वाटा होता. घरच्या मैदानावर या संघाने २० पैकी १९ सामने जिंकले. सर्वांत मोठी नवी खेळाडू म्हणून आलेली कँडिस पार्कर पायाच्या दुखापतीने १८ सामन्यांनंतर बाहेर बसली, तरीही हे अंतर टिकले.

एका सामन्याचे उदाहरण जवळून पाहू. २२ ऑगस्ट २०२३ रोजी अटलांटा ड्रीमविरुद्ध विल्सनने ५३ गुण करून लिझ कॅम्बेजने २०१८ मध्ये डॅलस विंग्जकडून केलेल्या उच्चांकाशी बरोबरी केली. विल्सनने २३ पैकी १६ फेका साधल्या, त्यांत तीन गुणांची एकच होती, आणि २१ पैकी २० फ्री थ्रो केले. कॅम्बेजने २२ पैकी १७ फेका साधल्या होत्या, त्यांत तीन गुणांच्या चार, आणि १६ पैकी १५ फ्री थ्रो. दोघींचे गुण सारखेच. मात्र फेका आणि ०.४४ ने गुणलेले फ्री थ्रो यांची बेरीज दुप्पट करून गुणांना त्या दुपटीने भागले, म्हणजे ज्याला ट्रू शूटिंग म्हणतात तो आकडा काढला, तर विल्सनचा ८२.२ टक्के येतो आणि कॅम्बेजचा ९१.३ टक्के. सारख्या गुणसंख्येच्या पोटात किती वेगळे खेळ असू शकतात, हे आपल्या वाचकांना संघाच्या सरासरीपेक्षा या दोन ओळींतून अधिक लवकर कळेल, असे मला वाटते.

मिडकोर्ट

आपणा सर्वांचे आभार. एवढे तपशील मिळतील अशी अपेक्षा नव्हती. दोन शंका उरतात. पहिली अशी की, आमचे बहुतेक वाचक एनबीए पाहणारे आहेत आणि त्यांना ९२.८ हा आकडा किरकोळ वाटेल, कारण तिथे ११० गुण नित्याचे आहेत. याचे उत्तर कसे द्यावे? दुसरी शंका जादा वेळेविषयी आहे. सोनोरन यांनी सांगितलेल्या १२७-१२४ सारख्या सामन्यांमुळे सरासरी फुगत असेल, तर ते सामने वगळून हिशेब करावा का?

स्कोअरशीट

पहिल्या शंकेचे उत्तर घड्याळात आहे. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा असतो आणि डब्ल्यूएनबीएचा ४० मिनिटांचा. एसेसचे ९२.८ गुण ४८ मिनिटांच्या मापाने १११.४ होतात आणि २०१० च्या मर्क्युरीचे ९३.९ गुण ११२.७. हे रूपांतर ढोबळ आहे, कारण लांब सामन्यात दमणूक आणि राखीव खेळाडूंचा वापर बदलतो, पण वाचकांचा गैरसमज दूर करायला ते पुरेसे आहे.

दुसऱ्या शंकेबाबत, सामने वगळू नयेत, मिनिटांनी भागावे. दोन जादा सत्रे म्हणजे आणखी १० मिनिटे, तेव्हा तो सामना ५० मिनिटांचा झाला. १२७ गुणांचे ४० मिनिटांचे माप १०१.६ येते. मोठाच आकडा, पण १२७ इतका डोळे विस्फारणारा नाही. संपूर्ण हंगामात अशा सामन्यांची संख्या थोडी असल्याने सरासरीवर परिणाम किरकोळ होतो, मात्र ‘एका सामन्यातील उच्चांक’ असे काही छापणार असाल तर जादा वेळेचा उल्लेख न करणे अप्रामाणिक ठरेल.

आणि जागा उरली तर २०१९ च्या वॉशिंग्टन मिस्टिक्सनाही एक ओळ द्यावी, अशी विनंती आहे. सरासरी ८९.३ असल्याने ते आपल्या यादीत खाली राहिले असतील, परंतु ते चेंडू गमावतच नसत. टर्नओव्हर कमी असले की प्रत्येक ताबा निदान फेकीपर्यंत पोहोचतो, आणि त्यामुळे दर ताब्याच्या हिशेबाने त्यांचे आक्रमण लीगच्या इतिहासातील सर्वोत्तम आक्रमणांत मोडते. ३४ पैकी २६ विजय आणि विजेतेपद त्यांच्या नावावर आहे. एलेना डेल डॉनने त्या हंगामात फेकी, तीन गुणांच्या फेकी आणि फ्री थ्रो या तिन्हींत अनुक्रमे ५०, ४० आणि ९० टक्क्यांची पातळी ओलांडली, आणि तोवर या लीगमध्ये ते कोणालाही जमले नव्हते.

थर्ड क्वार्टर

मिस्टिक्सना माझाही दुजोरा आहे. चौकट हंगामाची असली तरी बाद फेरीचा उल्लेख टाळू नये, असे मला सुचवायचे आहे, कारण एसेसच्या बाबतीत तिथे चित्र अगदी पालटते. २०२३ च्या उपांत्य मालिकेतील डॅलसविरुद्धचा निर्णायक सामना त्यांनी ६४-६१ असा जिंकला. न्यूयॉर्क लिबर्टीविरुद्धच्या अंतिम मालिकेत पहिले दोन सामने ९९-८२ आणि १०४-७६ असे एकतर्फी झाले, तिसरा ७३-८७ असा गेला आणि त्यातच ग्रे व कायाह स्टोक्स जायबंदी झाल्या. १८ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये चौथा सामना या दोघींशिवाय खेळावा लागला. तो एसेसने ७०-६९ असा जिंकला. लिबर्टीची शेवटची फेक कोपऱ्यातून कोर्टनी व्हँडरस्लूटने घेतली आणि ती हुकली. चार सामन्यांची सरासरी काढली तर एसेसचे ८६.५ आणि लिबर्टीचे ७८.५ गुण होतात. हंगामात ९२.८ गुण करणाऱ्या संघाने दोन्ही मालिका संपवल्या त्या ६४ आणि ७० गुणांवर. म्हणूनच मी केलेल्या गुणांच्या रकान्याला नेहमी दिलेल्या गुणांच्या रकान्यासह वाचतो, आणि म्हणूनच चौकटीत एसेसचे नाव वर असावे असे माझे मत आहे.

सोनोरन

येथे मात्र माझा मतभेद नोंदवतो. हाच बाद फेरीचा निकष लावायचा तर २००९ च्या मर्क्युरीला खाली ढकलता येणार नाही. त्यांची अंतिम मालिका इंडियाना फीव्हरशी होती, आणि टमिका कॅचिंग्जच्या त्या संघाची ओळखच मुळी बचावासाठी होती. निकाल पाहा: १२०-११६, ८४-९३, ८५-८६, ९०-७७, ९४-८६. मर्क्युरीने पाच सामन्यांत ४७३ गुण केले. पहिला सामना जादा वेळेत गेल्यामुळे मालिका २०५ मिनिटांची झाली, आणि स्कोअरशीट यांच्याच रीतीने ४० मिनिटांचे माप काढले तर ९२.३ येते. हंगामात ९२.८ आणि लीगमधील एका कडव्या बचावासमोर ९२.३. एसेसचा आकडा त्यांच्या अंतिम मालिकेत सहाहून अधिक गुणांनी घसरला, मर्क्युरीचा अर्ध्या गुणाने.

वेगवान खेळ बाद फेरीत चालत नाही, तिथे सगळे मंदावते, असे समीक्षक सरसकट म्हणतात. या पाच सामन्यांत तरी तसे दिसत नाही. अर्थात स्कोअरशीट यांचा मुख्य मुद्दा यामुळे खोडला जात नाही, हेही मान्य केले पाहिजे. मालिकेत १-२ असे मागे पडल्यावर मर्क्युरी सावरली ती प्रामुख्याने फीव्हरला शेवटच्या दोन सामन्यांत ७७ आणि ८६ गुणांवर रोखून. पहिल्या सामन्यात त्याच फीव्हरला त्यांनी ११६ करू दिले होते. पण ते रोखत असताना त्यांनी स्वतःचा वेग सोडला नाही, आणि हे २०१० च्या संघाला साधले नाही. मिडकोर्ट, आपण दोन ओळींची चौकट करणार असाल तर एसेस अवश्य द्या. तीन ओळींना जागा असेल तर २००९ आणि २०१० ची मर्क्युरी एकाखाली एक छापा, केलेल्या गुणांशेजारी दिलेले गुण ठेवून. आणि २०१० च्या ओळीत विजय-पराभवांचा रकाना गाळू नका.